हातावरची साय

साय चढवली त्या दिवशी घरी येऊन मी नळाखाली हात धरले, आणि आमच्या साक्रीकडचं ते जड, बादलीला पांढरे डाग पाडणारं पाणी मला लहानपणी मामाच्या विहिरीवर लागायचं तसं लागलं. गार, मऊ आणि थोडं गोड. पाणी हाताला गोड कसं लागेल, असं कुणी विचारेल. मला लागलं. मी नळ सोडून किती वेळ उभी होते कोण जाणे. ओसरीतून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, विचारलं की टाकी रिकामी करायचा विचार आहे का.

साय हे आमचं आम्ही दिलेलं नाव. तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त सही करायच्या कागदावर असायचं. दुधावर धरते तसा पांढुरका पातळ पापुद्रा, बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत. एकदा चढवला की तीन वर्षं टिकायचा.

तो कशासाठी, हे सांगायचं तर आधी आमचं काम सांगायला हवं. आमच्या माळावर माझ्या लहानपणी नजर पोचेल तिथवर सौर पॅनेल बसवली होती. वीस-पंचवीस वर्षांत ती म्हातारी झाली आणि बदलायची वेळ आली. जुन्या पॅनेलमधली काच आणि सिलिकॉन फेकून देण्यासारखी नसते. म्हणून तिथेच ‘नवसिकता’ नावाचा कारखाना उभा राहिला. आम्ही सिलिकॉनच्या चकत्यांना ॲसिडची आंघोळ घालायचो. वरचे जुने थर विरघळून जायचे आणि चकती पुन्हा नवी व्हायची. मी, जागृती बागुल, वय चाळीस, त्या न्हाणीघरात चौदा वर्षं होते.

त्या ॲसिडचं नाव हायड्रोफ्लोरिक. ते काच खातं, म्हणून काचेच्या बाटलीत राहत नाही, त्याला प्लास्टिकची टाकी लागते. पण त्याची खरी खोड वेगळीच आहे. बाकीची ॲसिडं भांडखोर असतात. अंगावर पडली की आग होते, माणूस ओरडतो आणि पाण्याकडे धावतो. हे ॲसिड पातळ असलं तर काहीच बोलत नाही. त्याचा कण कातडीशी भांडत बसत नाही, सरळ आत झिरपतो, मांसातून हाडापर्यंत जातो आणि तिथलं कॅल्शियम धरून बसतो. रक्तातलं कॅल्शियमही ओढून घेतो, आणि ते कमी पडलं की हृदयाचे ठोके चुकतात. हे सगळं चालू असताना कित्येक तास माणसाला काही कळत नाही. दुखायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. आम्ही त्याला मुकं म्हणायचो.

माझ्या वडिलांची, भटूआप्पांची, उजव्या हाताची दोन बोटं मुक्यानंच नेली. तर्जनी आणि मधलं, दोन्ही वरच्या पेरापासून. आप्पा धुळ्याला एका काचेच्या कारखान्यात होते. खिडक्यांच्या काचांवर ॲसिडनं धुरकट फुलं उठवायचं काम. हातमोज्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. दुपारी काम सुटलं, संध्याकाळी आप्पा चुलतभावाच्या लग्नात पंगतीला वाढत होते, आणि बुंदी वाढता वाढता त्यांच्या हातातून झारा गळून पडला.

त्यानंतर त्या कारखान्यात एक रीत पडली. पाळी बदलताना जाणाऱ्यानं हातमोजे काढून, हात धुऊन दोन्ही हात पुढे करायचे. येणाऱ्यानं त्याचं एकेक बोट चिमटीत धरून टोकाशी दाबायचं आणि विचारायचं, “दुखस का?” म्हणजे दुखतंय का. दहा बोटं, दहा वेळा. आपलं आपण दाबलं तर माणूस घाईत उरकतो, दुसऱ्यानं दाबलं की लक्ष द्यावंच लागतं. आत मुरलेलं मुकं दाबल्यावर कधीकधी लवकर बोलायचं. आप्पांनी ती रीत घरीही आणली. मी शाळेतून आले की माझी बोटं धरून विचारायचे, “दुखस का?” मी म्हणायचे, “नही आप्पा.” मग खाऊ मिळायचा. पुढे मी कारखान्यात लागले तेव्हा तीच रीत मी आमच्या न्हाणीघरात चालू केली, आणि ती बारा वर्षं चालली.

मग साय आली.

तिच्यात कॅल्शियमचे बारीक कण पेरलेले होते. ॲसिड आत शिरायला लागलं की ते कण त्याला वाटेतच धरून ठेवायचे. इतपत सोपं होतं. अवघड पुढे होतं. हातावर पापुद्रा चढवला की स्पर्श कळत नाही, आणि स्पर्श न कळणाऱ्या माणसाच्या हातून नाजूक चकत्या फुटतात. म्हणून सायीत स्पर्श टिपणारं एक जाळं विणलेलं होतं, आणि ते थेट नसांना खबर द्यायचं. ही खबर अर्धवट असायची. उरलेली जागा साय स्वतः भरायची. तुमच्या नसांना पूर्वी काय काय लागलेलं आहे ते हळूहळू शिकून घ्यायची आणि अंदाजानं सांगायची की हे असं लागत असेल. दुखणं मात्र ती पुढे पाठवायची नाही. दुखण्याची आता गरज काय, असं तिच्या कर्त्यांना वाटलं असणार.

तर असा तो अंदाज होता. पण काय अंदाज होता म्हणून सांगू. दोन वर्षं मला जगात टोचणारं, खरबरीत असं काही लागलंच नाही. लोखंडी कठडा उन्हात तापलेला असायचा, मला तो नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा ऊबदार लागायचा. बाभळीच्या काट्याला हात लावला तर गुदगुल्या व्हायच्या. आणि आईची गोधडी. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. सायीच्या हातानं मी ती गोधडी पहिल्यांदा ओढून घेतली, आणि मला आईचा हात लागला. तळवा, बांगड्यांमुळे घासलेलं मनगट, सगळं. मी डोळे मिटून पडून राहिले. तेव्हापासून पाळीवरून आले की दुपारी चार वाजता गोधडी घेऊन पडायचं हे माझं ठरून गेलं. वाट पाहण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं. लग्न मोडून मी आप्पांकडे परत आले त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

गेटवर बोटं दाबायची रीत बंद झाली. दाबून दुखणारच नसेल तर विचारायचं काय? त्याऐवजी एक निळा दिवा आला. त्याच्याखाली हात धरायचे, तो सायीचा रंग बघायचा आणि हिरवी खूण दाखवायचा. दहा वेळा विचारायला चार मिनिटं लागायची, दिव्याला चार सेकंद पुरायचे. कागदावर सायीवरून जाड हातमोजेही घालायचे होते. पण चव्वेचाळीस अंश उन्हात किरकोळ कामाला ते कोण घालतंय? आम्ही नाही घातले. आमचे पाळीप्रमुख महाजनसाहेब अशा वेळी मोठ्या आस्थेनं भिंतीवरचं घड्याळ बघायचे.

आप्पांना मात्र साय सोसली नाही. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती आणि माणसं ते हातावरूनच ओळखायचे. सायीनंतर मी पहिल्यांदा त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

“हाऊ हात तुना नही,” ते म्हणाले. हा हात तुझा नाही.

मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर त्यांनी माझा हात धरला नाही. चहाचा कप द्यायला गेले की म्हणायचे, खाली ठेव, मी घेतो. रस्ता ओलांडताना काठी धरायचे, मला धरायचे नाहीत. मला राग यायचा. ज्या गोष्टीनं माझे हात वाचवले तिच्यावर हा माणूस रुसतो म्हणजे काय? मी त्यांना गोधडीचं सांगून पाहिलं. ते म्हणाले की आई गेली, माय, आता तिला हातावर कुठे चढवतेस.

त्या वर्षी चैत्रात महाजनसाहेबांनी मला बोलावून घेतलं. नवी साय येत होती, मुळं धरणारी. ती एकदा चढवली की कातडीचाच भाग व्हायची, पुन्हा काढता यायची नाही. ज्यांनी ती घेतली त्यांच्यातूनच पुढचे पाळीप्रमुख निवडणार होते. सोमवारी सही करायची होती. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं की मी सही करणार आहे. त्यांनी विचारलं, कायमची का? मी म्हटलं, कायमची. ते उठून अंगणात गेले आणि कडुलिंबाखाली नुसतेच उभे राहिले.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. आमच्याकडे कळण्याची भाकरी होते, ज्वारी आणि उडदाची. ती तव्यावर बोटांनी उलटायची ही आमच्या बायकांची जुनीच खोड. आधी चटका बसायचा म्हणून पटकन उलटायचो. साय आल्यावर आच कातडीपर्यंत पोचेना, चटका गेला आणि घाईही गेली. मी तव्यावर बोटं टेकवून भाकरीचा पापुद्रा सुटायची वाट बघत राहायचे, आणि बोटांना कोवळं ऊन पडल्यासारखं वाटायचं. सायीच्या माहितीपुस्तकात सगळी ॲसिडं होती, अल्कली होते, पेट्रोलसुद्धा होतं. तवा नव्हता. लिहिणाऱ्यांनी कधी भाकरी केली नसावी. दोन वर्षं रोज तापून माझ्या बोटांच्या टोकांवरच्या सायीला केसापेक्षा बारीक चिरा पडल्या होत्या, आणि साय मला त्याचं काही सांगणार नव्हती.

गुरुवारी सकाळी मी न्हाणीघरात नमुना घेत होते. तोटीचा जोड किंचित पाझरत होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर थेंब आला. नियम असा की लगेच भरपूर पाण्याखाली धुवायचं, मग कॅल्शियमचं मलम चोळायचं आणि दवाखान्यात जाऊन दाखवायचं. मला तो थेंब पहाटेच्या दवासारखा लागला, इतका सुंदर की मी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग फडक्याला पुसला आणि कामाला लागले. तीन वाजता निळ्या दिव्यानं हिरवी खूण दाखवली.

चारला मी गोधडी घेऊन पडले. आईचा हात आला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जवळ होता, माझ्या बोटांत बोटं गुंतवून बसलेला. उठावंसंच वाटेना. पाचला आप्पांनी चहाचं विचारलं तेव्हा पोहत असल्यासारखी उठले, चहा केला आणि झोपेच्या गुंगीत कप खाली ठेवायचा विसरून सरळ त्यांच्या हातात दिला.

आमची बोटं एकमेकांना लागली. आप्पांनी कप घेतला, बाजूला ठेवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझा हात धरला.

“हाई बोट सुजेल शे,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही हो आप्पा, काही सुजलेलं नाही. मग मी बघितलं. सायीखाली बोटाचं टोक फटफटीत पांढरं झालं होतं आणि नखाच्या कडेला राखेसारखा रंग चढला होता. मला काहीच वाटत नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर छान वाटत होतं.

आप्पांनी ते बोट चिमटीत धरलं आणि दाबलं. “दुखस का?”

“नही आप्पा,” मी म्हटलं. आणि तेव्हाच मला कळलं की काहीतरी चुकतंय. आप्पांचं बोट मला पुरतं लागत होतं. वरचं पेर, त्याचं मऊ टोक, आणि नख. अगदी लहानपणी, त्यांची बोटं शाबूत होती तेव्हा लागायचं तसंच. मी खाली बघितलं. माझ्या बोटाला आप्पांच्या तर्जनीचं थोटूक टेकलेलं होतं. तिथे पेर नव्हतं, नख तर तीस वर्षांपासून नव्हतं. मी डोळे मिटले तर नख परत आलं. उघडले तर थोटूक.

 जे बोट मुक्यानं खाल्लं होतं ते साय मला परत आणून देत होती, आणि तेच मुकं त्या वेळी माझं बोट खात होतं.

मी आपत्कालीन नंबर लावला. गाडीला वीस मिनिटं लागणार होती. आप्पा आत गेले आणि चाचपडत कपाटातून मलमाची ट्यूब घेऊन आले. ती ते दर वर्षी नवी विकत आणायचे, निवृत्त झाल्यावरसुद्धा. पण मलम सायीतून आत जाणार नव्हतं आणि साय फक्त दवाखान्यातच उतरवता यायची. ट्यूब हातात धरून आप्पा तसेच उभे राहिले.

मी खोटं बोलणार नाही. त्या वीस मिनिटांत मला वाटून गेलं की हे बोट जाऊ दे. साय उतरवली तर आईचा हात जाईल. बोटावाचून माणसं जगतात, आप्पा जगलेच की. गोधडी समोर पलंगावर पडली होती. मी आप्पांना हे बोलूनही दाखवलं.

“तो तिना हात नही माय,” आप्पा म्हणाले. “तुनाच हात तुले लागस. ती रास्ती तर पहिले तुले उठाडती.”

ती असती तर तिनं तुला आधी उठवलं असतं. हे खरं होतं. आई मला कधी दुपारी पाचपर्यंत झोपू देत नसे.

दवाखान्यात डॉक्टर तडवींनी माझे हात कोमट औषधी पाण्यात बुडवले. साय सुटायला लागली. दुधावरून काढतात तशीच ती चमच्यानं दुमडत बाजूला काढली. छातीला ठोके मोजायच्या तारा लावल्या होत्या, डाव्या दंडातून कॅल्शियम चढत होतं. मधल्या बोटावरचा शेवटचा तुकडा निघाला आणि दुखणं आलं. ते कसं होतं ते मी सांगू शकत नाही. हाडाच्या आतून कुणीतरी बाहेर यायचा प्रयत्न करत होतं. मी डॉक्टरांना म्हटलं की सुन्न करायचं इंजेक्शन द्या, पाया पडते.

“नाही देता येणार, जागृतीताई,” त्या म्हणाल्या. “आत ॲसिड किती उरलंय हे मला दुसरं कुठलं यंत्र सांगत नाही. मलम चोळत राहायचं, दुखणं थांबेपर्यंत. दुखणं थांबलं म्हणजे कॅल्शियम आत पोचलं. तुम्हाला सुन्न केलं तर मी आंधळी होईन.”

“मी चोळतो,” आप्पा म्हणाले. “माले दिखत नही, पन समजस.”

ते स्टुलावर बसले आणि माझं बोट त्यांनी मलमात घोळवून चोळायला घेतलं. मिनिटामिनिटानं टोक दाबायचे आणि विचारायचे, “दुखस का?” मी दात आवळून म्हणायचे, “हो.” खिडकीबाहेर माळावरची पॅनेल मावळतीकडे तोंड करून ओळीनं उभी होती, आणि त्यांच्यात आभाळ तुकड्या-तुकड्यांनी उतरलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आप्पा विचारत राहिले. किती वेळा, ते मोजलं नाही. केव्हातरी त्यांनी विचारलं आणि मला उत्तर द्यायला थोडा विचार करावा लागला.

“आता कमी आहे,” मी म्हटलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

बोट राहिलं. नख गेलं आणि टोकाचं थोडं मांस गेलं, हाड वाचलं. सोमवारी मी सही केली नाही, केलं ते एवढंच की महाजनसाहेबांच्या टेबलावर तवा नेऊन ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. त्या आठवड्यात कारखान्यातल्या सगळ्यांचे हात भिंगाखाली तपासले. अकरा बायकांच्या बोटांवर तव्याच्या चिरा सापडल्या. त्यातल्या दोघींच्या आत मुकं शिरलं होतं आणि दोघीही मजेत होत्या. त्यांची बोटं वेळेत वाचली. त्यानंतर सगळ्यांची साय उतरवली आणि जाड हातमोजे परत आले. घामानं जीव नको होतो, पण घालतो. निळा दिवा अजून गेटवर आहे आणि अजूनही सगळ्यांना हिरवी खूण दाखवतो. त्याच्या खालीच उभं राहून आम्ही एकमेकींची बोटं दाबतो.

दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी मी गोधडी ओढून घेतली. जुनं कापड होतं, धुऊन धुऊन कडक झालेलं. मी सगळी चाचपून पाहिली, कुठेच काही नव्हतं. एका कोपऱ्यात दोऱ्याची गाठ राहिली होती, आईनं घाईत मारलेली, ती बोटाला टोचली. मी खूप रडले. आई गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते.

संध्याकाळी ओसरीत आप्पांसाठी कप खाली ठेवत होते, तर त्यांनी हात पुढे केला. मी कप हातात दिला. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, एखादी हरवलेली वस्तू परत मिळाल्यावर उलटसुलट करून बघतात तसा. नख नसलेल्या बोटावरून त्यांचा अंगठा सावकाश फिरला.

“तुनाच शे,” ते म्हणाले.

त्यांचे हात खरखरीत होते, थंड होते, आणि एका नखाची कड मला बोचत होती. मी डोळे मिटून घेतले आणि माझ्या हातावर टेकलेली त्यांची बोटांची टोकं एकेक करून मोजली. आठ होती.